तीन विसा पावलं

सूर्य डोंगराला टेकायला वीतभर राहिला, की गेनभाऊ मशिन बंद करायचे. दिवसभर कानात घोंघावणारा आवाज थांबला की पाण्यावर एकदम इतकी शांतता पसरायची, की पलीकडच्या काठावरच्या मेंढ्यांचं ओरडणं ऐकू यायचं. "पाच मिन्टं इंजिन थंड हुंद्या," असं ते हवेला उद्देशून म्हणायचे. मग माझ्याकडे न बघता म्हणायचे, "ताई, सूर्य चालला. डबा उघडा."

आम्ही जैन. पणजोबा मारवाडातून आले, ओतूरच्या पेठेत कापडाचं दुकान टाकलं, आणि आता आमच्या घरात भांडणंसुद्धा मराठीतच होतात. पण सूर्य मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, एवढं मात्र टिकलं आहे. धरणावर कामाला लागले तेव्हा हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कशाला सांगायचं? लोक आधी कौतुक करतात, मग चेष्टा करतात आणि शेवटी कांद्या-बटाट्यावर येतात. गेनभाऊंनी न विचारता ओळखलं. पहिल्या आठवड्यात दोन दिवस माझा डबा भरलेला तसाच परत गेला. तिसऱ्या दिवसापासून त्यांचं इंजिन बरोबर त्या वेळेला तापायला लागलं.

आमची पहिली भेट काही गोड नव्हती. माझं काम खोली मोजायचं. धरणातला गाळ काढायचं काम ज्या ठेकेदाराकडे होतं, त्याने मला मोजणीसाठी ठेवलं होतं. गाळ काढायच्या आधी तळ किती खोल होता आणि काढल्यावर किती खोल गेला, हे होडीतून दोरीला वजन बांधून बघायचं आणि तक्ता भरायचा. पहिल्या दिवशी मी बोटीवर पाय ठेवला, तर केबिनच्या दारात एक ताडमाड उंच माणूस वाकून उभा. वाकूनच, कारण सरळ उभं राहायला त्या दारात जागाच नव्हती.

"पवता येतं का?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मदी बसा. तुमी पडला तर मला उडी मारावी लागंल, आन माझी इडी भिजंल."

मी तोंडाने फटकळ. "विडीची एवढी काळजी असेल तर उडी मारू नका," म्हटलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवसापासून मी त्यांची ताई झाले, आणि ते माझे गेनभाऊ.

आमचं मशिन म्हणजे ड्रेजर. लोखंडी पिंपांवर तरंगणारी रुंद बोट, पुढे पाण्यात सोडलेला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला दातेरी मुंडकं. मुंडकं तळाचा गाळ खरवडायचं, पंप तो पाण्यासकट ओढायचा आणि तरंगत्या पाइपातून काठावर नेऊन ओकायचा. तिथे तो वाळला की आसपासचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन यायचे आणि आपापल्या रानात नेऊन पसरायचे. पंपाच्या तोंडाशी एक लोखंडी पेटी होती. दगडधोंडे पंपात जाऊ नयेत म्हणून ते तिथे अडायचे. दिवसातून एकदा तिचं झाकण उघडून गेनभाऊ स्वतः हाताने दगड काढायचे. त्यातून खेकडे, शिंपल्यातले किडे निघायचे, ते आधी पाण्यात सोडायचे. "ताई बगत्यात," म्हणायचे. मी नसतानाही सोडायचे, हे मला नंतर कळलं.

ड्रेजर म्हणजे काय, याचं उत्तर त्यांच्याकडे माणूस बघून बदलायचं. पाहणीला आलेल्या साहेबांसमोर ते छाती काढून 'ड्रेजर' म्हणायचे. सहलीला आलेल्या शाळेच्या पोरांना सांगायचे, "म्हस हाय आमची. दिसभर पान्यात बसती, गाळ खाती, आन तिकडं लांब जाऊन शेन टाकती." आळेफाट्याच्या गॅरेजात एखादा भाग आणायला गेले की "बोरिंगच्या गाडीची धाकली भैन" एवढ्यावर भागवायचे. आणि घरी आईला काय सांगितलं होतं? तर आपण बोट चालवतो, साहेबांना या काठाहून त्या काठाला नेतो. हे ऐकलं तेव्हा मी त्यांना चांगलं झापलं. त्या मुंडक्याला टाचणी उचलायला सांगितली तर उचलून देईल असा कसबी माणूस, आणि आईपुढे नावाडी?

"सांगू की कदीतरी," ते म्हणाले. "घाई कुनाला हाय, राव?"

हे त्यांचं पालुपद. साहेब ओरडले, पाइप फुटला, वारा सुटला, काहीही झालं तरी "घाई कुनाला हाय, राव?" आधी मला त्याचा संताप यायचा. मी आकड्यांची बाई. माझा तक्ता संध्याकाळी पूर्ण झाला नाही तर मला जेवण गोड लागत नाही, आणि मला तर जेवायलाही सूर्य थांबत नाही. पण गेनभाऊंना घाई का नव्हती, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं.

त्यांची जुनी वस्ती याच पाण्याखाली होती. मेंढरं राखणाऱ्यांची दहा-बारा घरं होती, त्यांतलं एक यांचं. धरण भरलं तेव्हा गेनभाऊ बारा वर्षांचे होते. मग आळेफाट्याच्या अलीकडे नवी वसाहत मिळाली, मेंढरं गेली, शेती आली. गाळ काढता काढता ते मधेच बोट दाखवायचे. "हितं आमचा मेंढरांचा वाडगा व्हता. हितं बा बसायचा लोकर कातरत." मी पाण्याकडे बघायचे. मला पाणीच दिसायचं.

दुसऱ्या हंगामात मी त्या भागाची मोजणी करत होते. सगळीकडे जुनी जमीन लागली होती, तक्ता छान जुळत होता. आणि एका ठिकाणी दोरी एकदम लवकर सैल पडली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. आजूबाजूला चार चार मीटर गाळ निघालेला आणि मधे एका मोठ्या खोलीएवढा तुकडा तसाच्या तसा. मी होडी वळवली आणि थेट बोटीवर गेले.

"गेनभाऊ, तिकडे काय ठेवलंय?"

"कुटं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुठं. मुंडकं फिरवताना डुलकी लागली होती का?"

"खडक आसंल."

"खडकावर वजन पडलं की दोरीला कळतं. हा लोण्यासारखा गाळ आहे. मला शिकवू नका."

त्यांनी हात लांब करून इंजिन बंद केलं. मी नकळत आभाळाकडे बघितलं. सकाळचे अकरा वाजले होते.

"ताई," ते म्हणाले, "तिथं आमची चिमी हाय."

चिमी त्यांची धाकटी बहीण. आठ महिन्यांची असताना तापाने गेली. एवढ्या लहान लेकरांना आपल्याकडे जाळत नाहीत, पुरतात. वस्तीबाहेर एक बाभूळ होती. तिच्यापासून ओढ्याकडे चालत जाऊन आई-वडिलांनी तिला ठेवलं. आईला शंभरापर्यंत मोजता यायचं नाही, विसाविसाने मोजायची. बाभळीपासून तीन विसा पावलं, एवढं तिने मनात पक्कं धरलं, आणि घरी येऊन मुलाकडून पाठ करून घेतलं. तेव्हा गेनभाऊ सात वर्षांचे होते.

"आन वरवंटा बी ठिवला तिच्यासंगं," ते म्हणाले.

बारशाला पाळण्यात पोरीच्या आधी वरवंटा निजवतात, कुंची घालून. चिमीच्या बारशाला निजवलेला तोच वरवंटा आईने तिच्या कुशीला ठेवला. पोर कधी एकटी निजली नव्हती, म्हणून. वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता. तो गेनभाऊंनीच लहानपणी पायरीवर आपटून उडवला होता आणि त्यापायी मार खाल्ला होता.

"आईला वाटतं, गाळ लई बरा," ते सांगत होते. "धरान भरलं तवा लई रडली. मंग कुनीतरी सांगितलं, दरसाल वर गाळ बसतो. तवापास्नं गप झाली. मला इचारती, 'गेनू, औंदा चिमीवर किती गाळ आला रं?' मी सांगतो, ईतभर. तिला बरं वाटतं. पोरीवर पांघरून पडलं म्हनती. कोल्ह्याकुत्र्याचं भ्या गेलं म्हनती." त्यांनी मुंडक्याच्या दांड्याकडे बघितलं. "आता तिला कसं सांगू, ताई, का तिचा ल्योक त्योच गाळ काढतो?"

मागे एका कोरड्या उन्हाळ्यात पाणी पार आटलं होतं, तेव्हा ते एकटे येऊन गेले होते. बाभळीचं खोड सापडलं. तिथून तीन विसा पावलं मोजून त्यांनी जागा धरली, आणि समोरची खिंड, मागचा टेकडीवरचा खडक अशा दोन खुणा मनात ठेवल्या. आता बोटीवरून त्याच खुणा बघून ते मुंडकं बाजूने फिरवत होते. म्हणून घाई नव्हती.

मी माझ्या होडीत परत गेले. तक्त्यात आजवर मी एक आकडा खोटा घातला नव्हता. माझे वडील दुकानात कापड मोजताना बोटभर जास्त सोडायचे, कमी कधी नाही, आणि मला मोजणीचा अभिमान तिथूनच आलेला. मी बराच वेळ पेन्सिल हातात धरून बसले. मग त्या चौकोनात लिहिलं, 'कठीण खडक. उपसा शक्य नाही.' संध्याकाळी डबा उघडला तेव्हा गेनभाऊंनी माझ्यासमोर चहाचा कप ठेवला, आलं घातलेला. 

त्यानंतर महिन्याभराने ते आजारी पडल्यासारखे झाले. कामावर यायचे, मशिन चालवायचे, सूर्याची वेळ झाली की बंदही करायचे, पण बोलणं संपलं. तीन दिवस त्यांनी स्वतःचा डबा उघडला नाही. मी रागावले, खेकसले, ओतूरच्या डॉक्टरकडे चला म्हटलं. "काय न्हाई, ताई. पित्त हाय." त्याच दिवसांत त्यांच्या केबिनमध्ये मला एक वरवंटा दिसला, धुतलेल्या पंच्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला. हे काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "चाचं आलं ठेचाया." बरं, म्हटलं. पण आलं तर ते नेहमी नटबोल्ट आवळायच्या पान्याने ठेचायचे, आणि पुढेही पान्यानेच ठेचत राहिले. मी आकडे बघणारी बाई, माणसांकडे नीट बघायला मी कधी शिकले नाही. तो उंचवटा मात्र ते आधीपेक्षा जास्त जपायला लागले. मुंडकं त्याच्या दहा हात लांबूनच वळवायचे.

संध्याकाळी घरी जाताना त्यांची मोटारसायकल ओतूरच्या अलीकडे एका टोमॅटोच्या रानाशी थांबलेली मला एसटीतून दिसायची. ते बांधावर नुसते उभे असायचे. टोमॅटो घेत असतील, असं मला वाटायचं.

त्याच सुमाराला माझ्या मुलीने कॉलेजसाठी जाड शब्दकोश आणला. मी सहज 'ड्रेजर' उघडून बघितला. गाळ काढणारं यंत्र होतंच, गाळ काढणारा माणूसही होता, आणि तिसरा अर्थ होता पीठ किंवा साखर भुरभुरायचा डबा, झाकणाला भोकं असलेला. मला मोठी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी गेनभाऊंना सांगितली, म्हटलं माणूस जरा हसेल तरी.

"म्हंजी एक काढतो आन एक वरनं टाकतो," ते म्हणाले. "आमाला टाकायचं मशिन द्यायला पायजे व्हतं, ताई. काढायचं चुकून दिलं."

मी हसले. एकटीच.

उन्हाळा लागला आणि जे व्हायचं ते झालंच. वसाहतीतल्या कुणाच्या तरी रानात गाळाचा ट्रॅक्टर आला आणि त्या भल्या माणसाने ठकूआईंना, म्हणजे गेनभाऊंच्या आईला कौतुकाने सांगितलं, "तुमच्या गेनूच्या मशिनीनं काढलाय, धरनाच्या पोटातनं." म्हातारी दोन दिवस जेवली नाही. मुलाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाली, "मला तिथं ने."

गेनभाऊ माझ्याकडे आले. मी त्यांना कधी हात जोडताना बघितलं नव्हतं. "तुमी चला, ताई. तुमी मोजनीच्या बाई हाय. तुमच्या तोंडानं सांगा तिला, का जागा राखलीया. माझ्यावर तिचा इस्वास न्हाई ऱ्हायला."

आम्ही दुपार कलल्यावर गेलो. पाणी खूप मागे हटलं होतं. भेगाळलेल्या गाळात आमचे खड्डे उघडे पडले होते, तळाशी थोडं थोडं हिरवट पाणी, आणि त्या सगळ्याच्या मधे तो उंचवटा, एकटाच. काठापर्यंत ट्रॅक्टरने आलो आणि पुढे गेनभाऊंनी आईला पाठंगुळी घेतलं. एवढासा जीव तो. बाभळीच्या काळ्या खोडापाशी आल्यावर ती म्हणाली, "उतरीव मला. म्होरं मी चालती." मुलाला म्हणाली, "तू हो म्होरं. नारळ काढून ठिव." ते लांब लांब ढांगा टाकत पुढे गेले. मी तिचा हात धरला.

ती सावकाश चालत होती. मी सवयीने पावलं मोजायला लागले, तर म्हणाली, "म्हातारीची पावलं नगं मोजू, बाई. आता कुटली आल्यात ती." तिची नजर जमिनीवर नव्हती, समोरच्या डोंगरावर होती. एका खड्ड्याच्या कडेला ती थांबली. एक पाऊल डावीकडे सरकली, परत उजवीकडे आली, आणि तिथेच उभी राहिली. उंचवटा अजून वीसेक ढांगा पुढे होता.

"आई, जागा पुढे आहे," मी म्हटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "बग. हितनं खिंडीत भैरोबाचं देऊळ दिसतं. बरोबर मदोमद. तिला ठिवली आन वर बगितलं, तवा दिसलं व्हतं. जल्माचं ध्यानात हाय माझ्या."

मी बघितलं. खिंडीच्या बरोबर मध्ये पांढरा ठिपका दिसत होता. आमच्या पायाशी चार मीटर खोल खड्डा होता.

मी एक पाऊल मागे सरकले. ती मात्र शांतपणे पुढे बघत होती, उंचवट्यावर नारळ हातात धरून उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे. "तीन इसा पावलं माझी व्हती," ती म्हणाली. "त्यानं त्याची टाकली. आडमाप वाढलेलं प्वार ते." मग माझा हात घट्ट धरला. "लई जिवापाड राखलंय त्यानं. त्याला नगं सांगू. माझी आन हाय तुला."

आणि ती त्याच्याकडे चालत गेली. उंचवट्यावर बसली, गाळावरून हात फिरवला, हळदकुंकू वाहिलं, वाटीतलं दूध ओतलं. "हीच," ती म्हणाली. "हीच जागा, गेनू. लई झ्याक राखलीस." गेनभाऊ खाली बसले आणि एवढा मोठा माणूस आईच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडला. मी पाठ फिरवून उभी राहिले. मला वाटलं, हे समाधानाचं रडणं आहे.

ठकूआई त्यानंतर वर्षभर होती. सुखाने गेली. शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझा गेनू ड्रेजरवर हाय. तो शब्द तिला नीट यायचाही नाही, पण नावाडी म्हणाली नाही पुन्हा.

पुढच्या पावसाळ्याआधी आमचं काम संपलं. मशिनचे भाग सुटे करून ट्रेलरवर चढवले. ते मराठवाड्यातल्या कुठल्याशा धरणावर जायचे होते आणि गेनभाऊ सोबत निघाले होते. आदल्या संध्याकाळी आम्ही काठावर बसलो होतो. इंजिन नव्हतंच, तरी ते म्हणाले, "ताई, सूर्य चालला." मी डबा उघडला, अर्धी पोळी त्यांना दिली.

"एक सांगू का?" ते म्हणाले. "त्यो वरवंटा आल्याचा न्हवता."

मी घास हातातच धरला.

"हिवाळ्यात दगडाची पेटी उघडली, त्यात आला. टवका बगितला आन वळखला. उंचवट्यापास्नं लांब, हिकडल्या अंगाला मशिन व्हतं त्या दिशी. जागा चुकली माझी, ताई. मीच काढली तिला. ह्या हातानं."

त्या दिवसाचा गाळ कुणाच्या ट्रॅक्टरमध्ये गेला, याचा त्यांनी गावोगाव तपास केला होता. ओतूरच्या अलीकडच्या त्या टोमॅटोच्या रानात गेला होता. म्हणून ते बांधावर उभे राहायचे. आणि आई यायच्या आदल्या दिवशी त्यांनी एकट्याने उंचवट्यात खोल खड्डा काढून वरवंटा तिथे पुरला होता. "म्हटलं, आई हात लावंल त्या मातीत चिमीचं कायतरी आसूं दे. अगदीच खोटं नगं."

पाणी लालसर झालं होतं. मग ज्यासाठी हे सगळं काढलं होतं ते त्यांनी विचारलं. "आई खड्ड्याच्या कडंला थांबली व्हती, तवा काय म्हनली? तिला कळलं तर न्हाई?"

ठकूआईचा हात अजून माझ्या मनगटावर होता. मी म्हटलं, "नाही, गेनभाऊ. दम लागला होता त्यांना."

त्यांनी मोठा श्वास सोडला. खांदे सैल पडले. "बरं झालं," म्हणाले. त्यांना इतकं हलकं झालेलं बघून मला वाटलं, आपण योग्य तेच केलं.

ते गेले, पण सूर्य काही त्यांनी सोडला नाही. रोज संध्याकाळी माझा फोन एकदाच वाजायचा आणि बंद व्हायचा. मी उचलायचे नाही, त्यांनाही बोलायचं नसायचं. डबा उघडा, एवढाच त्याचा अर्थ. तिकडे सूर्य आमच्यापेक्षा थोडा आधी मावळतो आणि ते त्यांचा सूर्य बघून फोन करायचे, त्यामुळे मला जेवायला चार-पाच मिनिटं जास्तच मिळायची. एका संध्याकाळी फोन वाजला नाही. म्हातारा विसरला, म्हणून मी मनातल्या मनात चिडले, आणि वाट बघता बघता उपाशी राहिले. दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने कळवलं. सकाळी इंजिन चालू करून केबिनमध्ये बसले होते, बसल्या जागी गेले.

मला त्यांची फार आठवण येते. हे असं सरळ लिहायला लाज वाटायचं वय माझं राहिलं नाही. पण नुसती आठवण असती तर मी लिहायला बसले नसते. मला खुपतं ते वेगळंच आहे. त्यांना वाटत राहिलं की आपण आईला फसवलं. आणि आईने तर सगळं ओळखून, ठरवून, चालत जाऊन त्यांना जवळ घेतलं होतं. हे त्यांचं होतं. मी आणेत बांधली गेले आणि त्यांचं त्यांना दिलं नाही.

यंदा पाणी पुन्हा बरंच उतरलं. मी एकटीच गेले. बाभळीचं खोड आहे अजून. तिथून मी साठ पावलं मोजली. ती ना खड्ड्यापाशी संपली, ना उंचवट्यापाशी, मधेच कुठेतरी संपली. खड्ड्यात नवीन गाळ बसायला लागला आहे, हातभर तरी असेल. दोरी नव्हती, म्हणून काठी घालून बघितला. मग उंचवट्यावर जाऊन बसले.

"गेनभाऊ," मी म्हटलं, "आईला कळलं होतं. ती बरोबर जागेवर उभी राहिली होती. तिथून भैरोबा दिसला तिला. आणि तरी ती तुमच्याकडे आली."

पलीकडे मेंढ्या परतत होत्या. फोन पिशवीत होता, गप्प. सूर्य डोंगराला टेकायला वीतभर राहिला होता. मी डबा उघडला.